हिरवळ आणि परसदार

बाग लावणे सोपे, पण लावलेली बाग जगविणे अवघड, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. माझे मत थोडे निराळे आहे. झाड कोठे लावावयाचे, केव्हा लावावयाचे आणि कशासाठी लावावयाचे, हे तीन प्रश्न ज्याने खड्डा खणण्यापूर्वी सोडविले, त्याची बाग बहुतांशी आपली आपण जगते. ज्याने ते सोडविले नाहीत, त्याला माळी, नळ आणि पैसा हे तिघे मिळूनही तारू शकत नाहीत.

हे लिहावयाचे कारण असे. डिसेंबर २०२२ मध्ये पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पुढल्याच महिन्यापासून तेथे विमाने उतरू लागली. त्या सुमारास माझ्या परिचयाच्या काही कोल्हापूरकर कुटुंबांनी त्या भागात लहानमोठी घरे घेतली. कोणी निवृत्तीनंतर राहण्यासाठी, कोणी सुट्टीपुरते. ही मंडळी भेटली की हटकून विचारतात, "घरापुढे थोडी जागा आहे. फारशी देखभाल न लागणारी, सोपी बाग सांगा." गायन शिकविणाऱ्यास हा प्रश्न का विचारावा, अशी शंका वाचकांना येईल, आणि ती रास्त आहे. परंतु परीक्षा व मैफली यांच्या निमित्ताने पणजीस आणि तेथून पेडणे-डिचोलीकडे माझे वर्षानुवर्षे जाणेयेणे आहे. मुक्काम हॉटेलात क्वचित, घरांतच अधिक. गोव्यातील घरात पाहुणा झाला की सकाळी परसदारी जाणे ओघानेच येते. आपल्या शहराचा त्या भूमीशी संबंध तरी कोठे नवा आहे? कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांच्या शिष्या केसरबाई केरकर गोव्यातील केरीच्या आणि मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. तिकडून आपण सूर घेतले. परसबागेची रीतही घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

परंतु आपली मंडळी तिकडे जाऊन करतात काय? प्रथम अंगणात हिरवळ अंथरतात. चित्रातल्या बंगल्यापुढे ती असते, म्हणून आपल्याही पुढे असावी, यापलीकडे तिला कारण नसते. तिचा हिशेब मांडून पाहावा. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर पडले म्हणजे ते एक लिटर होते. भर उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवावयाची तर दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी हवे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या हिरवळीस रोज ५०० लिटर. जानेवारी ते मे हे पाच महिने धरले तर सुमारे ७५,००० लिटर. उन्हाळ्यात एका मोठ्या माडाला दिवसाकाठी चाळीसेक लिटर पाणी पुरते; तेव्हा त्या हिरवळीच्या पाण्यावर बारा माड सुखाने उभे राहतील. माड नारळ देतील, झावळ्या देतील, हीर देतील. हिरवळ काय देते? आणि पावसाळा आला की हीच हिरवळ अशी माजते की आठवड्यास कापल्यावाचून गत्यंतर नाही. उन्हाळ्यात पाणी मागणारी आणि पावसाळ्यात माणूस मागणारी ही बाग सोपी कशी म्हणावी?

गोव्याच्या हवेचे एक गूढ प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या शहराच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे पाहुण्याला वाटते की येथे पाण्याला काय तोटा! पण तो जवळजवळ सारा पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडून जातो, आणि जांभ्याची जमीन चाळणीसारखी. ती पाणी धरून ठेवीत नाही. पुढले सात-आठ महिने झाडाला आपल्या मुळांवर आणि माणसाच्या दयेवर जगावे लागते. म्हणून ज्याला पाऊस पुष्कळ दिसतो तो फसतो, आणि ज्याला कोरडे महिने दिसतात तो बाग करतो. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या जुन्या गृहस्थांना कोरडे महिने दिसत होते. त्यांच्या घरांची मांडणी पाहिली की हे कळते.

पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले; तोवर ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. त्यामुळे तेथील जुने घर आपल्या कोकणातल्या घरासारखेच दिसते. समोर सारवलेले, झाडलोट केलेले मोकळे अंगण. त्यात मध्यभागी तुळशीवृंदावन. अंगणात गवताचे पाते नसते, आणि हा दारिद्र्याचा भाग नव्हे, तो विचार आहे. मोकळ्या अंगणात भात, मिरची, आमसुले वाळत घालता येतात, आणि साप लपून दारापर्यंत येऊ शकत नाही. अंगणाच्या कडेने जास्वंद, अनंत, अबोली. त्यांची फुले देवाला जातात आणि केसांतही जातात. हद्दीवर अडुळसा आणि निर्गुडी यांची वई. या दोघांना गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून राखण करणारा लागत नाही. मागल्या दारी न्हाणीचे आणि भांडी घासण्याचे पाणी जिकडे वाहते, त्या वाटेवर केळी आणि अळू. विहिरीजवळ कढीलिंब आणि लिंबू. त्याच्याही पलीकडे, जेथे पडलेला नारळ कोणाच्या डोक्यावर वा कौलांवर येणार नाही अशा अंतरावर, माड, फणस आणि भिरंड, म्हणजे आपले कोकम.

या मांडणीत एकही झाड केवळ शोभेच्या जागी नाही, आणि तरीही ते घर शोभिवंत दिसते. यातले मर्म असे की प्रत्येक झाड घरातल्या कोणत्या ना कोणत्या नित्यकर्माला बांधलेले आहे. पूजेला फुले तोडताना जास्वंदीवरील कीड दिसते. फोडणीला पाला खुडताना कढीलिंबाची छाटणी होते. भांडी घासताना केळीला पाणी मिळते. वेगळे बागकाम म्हणून काढून ठेवण्यासारखे उरते थोडेच. कमी देखभालीची बाग म्हणतात ती हीच. देखभाल नाहीशी होत नाही. ती दिवसाच्या कामात विरघळून जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या जुन्या परसदाराचे गोडवे गाताना आम्हा पुरुषांना पडवीत बसून जे सोपे वाटते, ते घरातल्या बायकांना तितकेसे सोपे नव्हते. एप्रिलच्या उन्हात विहिरीचे पाणी शेंदून माडाच्या आळ्यात कोणी ओतले? पडवळाचे आणि काकडीचे बी राखेत घोळवून पुढल्या मृगापर्यंत कोणी जपले? जुन्या बागेची किती तरी देखभाल अशी होती की जी कोणी मोजलीच नाही. म्हणून जुने जसेच्या तसे उचलावे, असे माझे म्हणणे नाही. मांडणी जुनी घ्यावी आणि पाणी वाहण्याचा भार कमी करावा. तो कमी करण्याची साधने महाग नाहीत. झाडांचा पडलेला पाला जाळू नये; तो माडाच्या आणि फळझाडांच्या आळ्यात चार बोटे जाडीने पसरावा. जमीन झाकली की ओल टिकते. मात्र बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि घराच्या भिंतीजवळ पाला साठवू नये, नाही तर वाळवीस आमंत्रण. लहान रोपाशेजारी कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. ते पाझरत राहते आणि रोज उठून पाणी घालण्याचा त्रास वाचतो. पाणी घालावयाचे तर सकाळी, आणि रोज चूळभर घालण्यापेक्षा चार दिवसांनी पोटभर. वरवरच्या पाण्याने मुळे वरवरच राहतात, आणि अशा झाडाला मालक दोन दिवस परगावी गेलेला चालत नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे केवळ देशी झाडेच लावावीत काय? तसा सोवळेपणा निदान गोव्यात तरी शोभणार नाही. पणजीच्या मध्यभागी चर्चसमोर जी बाग आहे, तिला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. त्याने गोव्यात राहून येथील वनस्पती आणि औषधी यांवर संवादरूपाने ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. इथल्या वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना विचारून, झाड डोळ्यांनी पाहून मग लिहावयाचे, ही त्याची पद्धत. नव्या जागी बाग करणाऱ्याने प्रथम शेजाऱ्यास विचारावे, एवढा धडा त्याच्याकडून घेण्यासारखा आहे. त्या काळापासून समुद्रमार्गाने अमेरिका खंडातून इकडे काय काय आले ते पाहावे: काजू, मिरची, अननस, पपई, पेरू, झेंडू, गुलबक्षी, देवळापुढचा पांढरा चाफा, आणि फार पुढे बोगनवेल. यांतील एकही आता आपल्याला परके वाटत नाही. पेडण्यातील हरमलच्या मिरचीला तर आज भौगोलिक मानांकन मिळालेले आहे! तेव्हा झाडाचा जन्म कोठला, हे विचारू नये. एप्रिल-मे महिन्यांत ते कोणाच्या जिवावर उभे राहते, हे विचारावे. चाफा आणि बोगनवेल स्वतःच्या जिवावर राहतात. बोगनवेलीला तर पाणी अधिक झाले की नुसती पाने येतात. किंचित उपेक्षा झाली की ती फुलांनी भरते. ज्यांना दर महिन्यास गोव्यास जाणे जमणार नाही, त्यांनी तिच्याशी सख्य करावे.

नवशिक्याने सुरुवात कशी करावी, हे आता सांगतो. आमच्या विद्येत नव्या शिष्याला पहिल्या वर्षी दहा राग कोणी देत नाही. भूप देतात. त्याचे स्वर पाच, पण ते पाच नीट लागले की पुढले आपोआप सुचते. बागेतही पहिल्या वर्षी झाडे पाचच घ्यावीत: तुळस, जास्वंद, अबोली, कढीलिंब आणि केळ. लावण्याची वेळ मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर. जूनमध्ये लावलेल्या रोपाला चार महिने फुकटचे पाणी मिळते, आणि ऑक्टोबरचे ऊन लागण्यापूर्वी त्याची मुळे खाली उतरलेली असतात. तेच रोप नाताळच्या सुट्टीत लावले तर पाच महिने त्याचे सुइणपण करावे लागते. आपली बहुतेक नवी मंडळी नेमके नाताळातच लावतात, आणि मग गोव्याच्या मातीला दोष देतात.

जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाळ्यात तिरपी खोचली तरी ती धरते. अबोलीला थोडी सावली चालते, मात्र तिच्या पायाशी पाणी तुंबता कामा नये. तिची एक गंमत मुलांना दाखविण्यासारखी आहे. वाळलेल्या बोंडाला पाण्याचा थेंब लागला की ते तडकते आणि बी दूर उडते. पहिल्या पावसात ती अशी स्वतःची पेरणी स्वतःच करते. केळीचा घड काढला की ते खोड जाते आणि शेजारचे पिल्लू त्याची जागा घेते. दोनच पिल्ले ठेवून बाकीची शेजाऱ्यांना द्यावीत. या पाचांबरोबर तांबड्या भाजीचा एक वाफा टाकावा. महिन्याभरात ती ताटात येते, आणि नवशिक्याचा उत्साह टिकविण्यास याहून चांगले औषध नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडाला रोपे घेऊन बायका बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्यावे आणि घेताना चार प्रश्न विचारावेत.

दुसऱ्या वर्षी मोठ्या झाडांकडे वळावे. शेवग्याचा हातभर दांडा पावसात लावला की येतो, परंतु त्याचे लाकूड ठिसूळ. वाऱ्याने फांदी मोडते, म्हणून तो छपरापासून दूर असावा. कोकमाचे रोप बियांचे घेतले तर त्यातील जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात आणि सात-आठ वर्षे वाट पाहून फळ मिळत नाही. त्याचे कलमच घ्यावे. फणस आणि आंबा भिंतीपासून निदान पंचवीस फूट लांब. ही झाडे दोन-तीन उन्हाळे सांभाळली की पुढे माणसाची वाट पाहत नाहीत.

ज्यांचे घर वर्षातून आठ महिने बंद असते, त्यांना मात्र एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. त्यांनी केळ लावू नये. केळीचे पाणी म्हणजे घरातली माणसे. न्हाणी कोरडी पडली की केळ कोरडी पडते. त्यांनी चाफा, बोगनवेल, काजू, कोकम आणि अडुळशाची वई एवढ्यावर समाधान मानावे. आणि तुळस? पेडण्याच्या रस्त्यावरून जाताना नव्या बंगल्यांपुढे संगमरवरी वृंदावने दिसतात आणि त्यांत वाळलेल्या काड्या दिसतात. ते पाहून मन खिन्न होते. वृंदावन बांधणे पैशाचे काम आहे, तुळस राखणे शेजाराचे. शेजारच्या घरी किल्ली द्यावी, पाणी घालणाऱ्या माउलीस तिच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा, आणि माडाचे नारळ तिचे समजावेत. एवढे जमत नसेल तर वृंदावन बांधू नये. ज्या गावात आपल्याला एक शेजारी जोडता येत नाही, तेथे आपली बाग जगेल ही आशा व्यर्थ आहे.

ज्यांना जमीनच नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पणजीच्या फोंताइन्हास भागातील घरांच्या खिडक्यांत आणि सज्ज्यांत मातीच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. अंगण नाही म्हणून तेथल्या माणसांचे अडलेले नाही. सदनिकेच्या सज्ज्यात तुळस, अबोली, मायाळू आणि गवती चहा सहज होतात. कुंडी मातीची घ्यावी, तळाला भोक असावे, आणि खालच्या बशीत पाणी साठू देऊ नये. त्यात डासांची वस्ती होते.

आपल्या शहराकडेही जरा पाहावे. आपल्या पेठांतून जे थोडे वाडे उरले आहेत, त्यांच्या चौकांत आता सिमेंटचे ठोकळे बसविले जात आहेत. कारण विचारले तर उत्तर तेच, "देखभाल नको." पावसाचे पाणी त्या ठोकळ्यांवरून थेट गटारात जाते, आडातले पाणी खाली जाते, आणि उन्हाळ्यात चौक तव्यासारखा तापतो. पेडण्याच्या अंगणाला हिरवळ नको होती, पण त्याच्या चहू बाजूंनी माती उघडी होती आणि झाडे होती. चौकाच्या कडेने दोन फूट रुंदीची माती मोकळी ठेवली आणि तिच्यात एक पारिजातक, एक जास्वंद, थोडा गवती चहा एवढेच लावले, तरी पुष्कळ साधेल.

हा सारा प्रश्न केवळ शोभेचा असता तर मी इतका आग्रह धरला नसता. गोव्यात गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला फळे, फुले, भाज्या आणि रानातील वेली बांधतात. तिला माटोळी म्हणतात. सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. नारळ, सुपारीचे घड, केळी, तोरिंजन, चिबूड, दोडका, काकडी, कवंडळ, आंबाडे असे किती तरी प्रकार तिला लागतात. गोवा सरकारचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, आणि त्यांत बांधलेल्या वस्तूंची संख्या पाहून थक्क व्हावे. परंतु माटोळी ही मुळात आपल्या परसदाराने आणि शेजारच्या रानाने देवापुढे मांडलेली जमाखर्चाची वही आहे. जे वर्षभर राखले ते त्या दिवशी दिसते. आता ती पुष्कळ घरी बाजारातून आणून बांधतात, आणि बांधणाऱ्या तरुणास हाती असलेल्या फळाचे नाव सांगता येत नाही. झाड गेले की नाव जाते. नाव गेले की ते झाड पुन्हा लावावे, हे कोणाला सुचत नाही. हिरवळीचे गवत कितीही दाट असले तरी माटोळीला बांधता येत नाही.

म्हणून बाग करू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, पुढला मृग येईपर्यंत काही विकत घेऊ नये. जागेवर सकाळचे ऊन कोठे पडते, दुपारची सावली कोठे सरकते, न्हाणीचे पाणी कोणत्या वाटेने जाते आणि शेजारणीच्या परसात काय बरे वाढते, हे चार दिवस बसून पाहावे. कोठे, केव्हा आणि कशासाठी या प्रश्नांची निम्मी उत्तरे तेवढ्यातच मिळतात. उरलेली पहिल्या पावसानंतर शेजारीण देईल, आणि बहुधा रोपही तीच देईल.